निवृत्तीनंतर जुन्या मराठी पुस्तकांचा छोटा ऑनलाइन लिलाव: संग्रहापासून हिशेबापर्यंत

जुन्या मराठी पुस्तकाला ठरलेला बाजारभाव नसतो. एखादा दिवाळी अंक रद्दीवाल्याकडे किलोच्या भावात जातो आणि तोच अंक, त्याचे मुखपृष्ठ शाबूत असेल तर, एखादा संग्राहक काही शे रुपयांना आनंदाने घेतो. ज्या वस्तूची किंमत विकणाऱ्याला आधी सांगता येत नाही, तिच्यासाठी लिलाव ही विक्रीची सर्वांत न्याय्य पद्धत आहे, कारण किंमत घेणारेच ठरवतात आणि सर्वांसमोर ठरवतात. निवृत्त माणसाने छोटा ऑनलाइन लिलाव करायचा तर जुनी पुस्तके व नियतकालिके हा माल मी सर्वांत आधी सुचवीन. त्याला भांडवल थोडे लागते, माल नाशवंत नाही, करांचा भार कमी आहे आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या वाचनातून आलेली जाण येथे प्रत्यक्ष कामाला येते. पहिली आवृत्ती कोणती, चित्रकार कोण, कोणत्या अंकात कोणत्या लेखकाचे पहिले लेखन आले, हे ज्याला चटकन सांगता येते त्याच्या हाती या व्यवसायातला अर्धा माल-मसाला आधीच असतो.

लिलाव कोठे भरवायचा

भारतात सर्वसामान्य विक्रेत्यासाठी असलेली मोठी लिलाव-संकेतस्थळे टिकली नाहीत. २००० साली सुरू झालेले बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने विकत घेतले, आणि ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. त्यानंतर नाणी, तिकिटे, पुस्तके यांच्या छोट्या विक्रेत्यांपैकी अनेकांनी व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक यांवरच्या गटांत आपापले लिलाव भरवले, आणि एकट्या माणसाला आजही तोच मार्ग सोयीचा आहे. येथे संकेतस्थळाला दलाली द्यावी लागत नाही. मात्र संकेतस्थळ जी हमी देते ती हमीही येथे कोणी देत नाही. ती विक्रेत्याने स्वतःच्या वागण्यातून द्यावी लागते, आणि पुढे जे सविस्तर लिहिले आहे त्यातले बहुतेक या एका गोष्टीसाठीच आहे.

व्यवसायासाठी वेगळा मोबाइल क्रमांक घ्यावा आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅपची व्यावसायिक आवृत्ती बसवावी. तिच्यात ग्राहकांना ‘पैसे आले’, ‘पार्सल गेले’ अशी लेबले लावता येतात आणि आपण झोपलेले असताना आपोआप जाणारा निरोपही ठेवता येतो. घरच्या क्रमांकावर धंदा सुरू केला की रात्री अकराला बोली विचारणारे आणि पहाटे सहाला पार्सल विचारणारे संदेश नातेवाइकांच्या संदेशांत मिसळतात. गट दोन ठेवावेत. एकात केवळ लिलाव चालेल, आणि दुसऱ्यात फक्त आपणच लिहू, म्हणजे सूचना व पुढच्या लिलावाच्या याद्या तेथे हरवणार नाहीत. पहिले पन्नास-साठ सभासद ओळखीचे वाचक, जुने सहकारी, ग्रंथालयातले परिचित असावेत. अनोळखी लोकांची गर्दी जमवण्याची घाई करू नये, कारण बोली लावून गायब होणारे दहा लोक शंभर चांगल्या ग्राहकांचा उत्साह घालवतात.

माल: आधी आपले कपाट, मग इतरांचे

पहिले दोन-तीन महिने स्वतःच्या संग्रहातलीच पुस्तके विकावीत. त्यात गुंतवणूक शून्य असते आणि लिलावाची, पॅकिंगची, टपालाची सवय बिनधोक होते. त्यानंतर बाहेरून माल घ्यायचा तर निवृत्तीच्या ठेवींना हात लावू नये. महिन्याची एक ठरावीक रक्कम बाजूला काढावी आणि ती संपली की त्या महिन्यात खरेदी थांबवावी. पुस्तकवेड्या माणसाला हा नियम सर्वांत जड जातो, आणि त्यालाच त्याची सर्वांत जास्त गरज असते.

माल मिळतो तो प्रामुख्याने तीन ठिकाणी. पहिले रद्दीचे दुकान. तेथे ओळख करून ठेवली तर दुकानदार मराठी पुस्तकांचे गठ्ठे वेगळे काढून ठेवतो. किलोच्या भावापेक्षा त्याला थोडे जास्त द्यावे, म्हणजे तो पुढच्या वेळी आठवणीने फोन करतो. दुसरे म्हणजे पदपथावरचे विक्रेते, मुंबईत फोर्ट आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला बसतात तसे. त्यांना किमतींची चांगली जाण असते, म्हणून तेथे स्वस्तात घबाड मिळेल अशी आशा न ठेवता नेमके हवे तेच घ्यावे. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे घरे. वाडा किंवा जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघते, आजोबांचे पुस्तकांचे कपाट नव्या घरात मावणार नसते, मुले परदेशी असतात, आणि घरचे लोक ‘कोणीतरी नीट घेऊन जा’ एवढेच म्हणतात.

अशा घरी कसे वागावे याबद्दल माझे मत ठाम आहे. घरच्यांना संग्रहाची किंमत माहीत नसणे ही आपल्याला मिळालेली संधी समजू नये. सगळे कपाट उभे राहून पाहावे, जी पाच-दहा पुस्तके मोलाची दिसतात ती घरच्यांसमोर वेगळी काढून तसे सांगावे, आणि ती विकत न घेता हिश्श्यावर घ्यावीत, म्हणजे लिलावात जी किंमत येईल तिचा साठ किंवा सत्तर टक्के भाग त्यांचा आणि उरलेला आपल्या श्रमाचा. बाकीच्या गठ्ठ्याची एकरकमी किंमत ठरवावी. दोन्हीची लेखी पावती करावी, तीत तारीख, पुस्तकांची यादी, ठरलेला हिस्सा आणि दोघांच्या सह्या असाव्यात. पुस्तकांत दडलेली पत्रे, छायाचित्रे, नोटा, मुलाच्या हातची चित्रे हमखास सापडतात. ती न विचारता परत करावीत. असे एक घर समाधानी झाले की त्या इमारतीतली आणखी दोन घरे आपल्याला बोलावतात.

ग्रंथालयाचा शिक्का असलेले पुस्तक हाती आले तर त्यावर ते निर्लेखित केल्याची, म्हणजे संग्रहातून रीतसर काढून टाकल्याची, नोंद किंवा शिक्का आहे का, ते पाहावे. नसेल तर ते पुस्तक कदाचित कोणी परत न केलेले असते. त्या ग्रंथालयाला कळवून मगच निर्णय घ्यावा. पदपथावर मिळणाऱ्या, लोकप्रिय पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रती कधीही विकू नयेत. कागद पातळ, छपाई फिकी आणि मुखपृष्ठाचे रंग किंचित पुसट, एवढ्यावरून त्या ओळखू येतात. मूळ प्रत वापरलेली असली तरी तिची फेरविक्री कायदेशीर आहे. मात्र पुस्तकाची पाने स्कॅन करून गटात टाकणे हा प्रताधिकाराचा भंग आहे, कारण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत प्रताधिकार टिकतो.

फार जुन्या वस्तूंबाबत कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मूल्य असलेले हस्तलिखित वा दस्तऐवज हे पुरावशेष ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणून हस्तलिखित पोथ्या, जुनी मोडी कागदपत्रे, सनदा, वंशावळी या लिलावात घेऊच नयेत. घरच्यांना पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा संस्थांकडे जाण्याचा सल्ला द्यावा. शंभर वर्षांहून जुनी छापील पुस्तकेही या व्याख्येत येऊ शकतात. नवशिक्याने १९३० नंतरचा माल हीच आपली हद्द मानावी. त्या हद्दीत आयुष्यभर पुरेल एवढे काम आहे.

वर्णन: येथेच किंमत ठरते

लिलावात बोली लावणारा पुस्तक हातात घेऊ शकत नाही. त्याच्यापुढे आपली चार छायाचित्रे आणि आपले दहा ओळींचे वर्णन एवढेच असते. त्यामुळे या व्यवसायात खरा माल म्हणजे वर्णन, असे मी मानतो, आणि एका पुस्तकाच्या वर्णनाला वीस मिनिटे लागली तरी ती देण्याजोगी आहेत.

आधी पुस्तकाची ओळख पक्की करावी. मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नये, शीर्षकपान आणि त्यामागचे पान वाचावे. आवृत्त्यांची नोंद बहुधा तेथेच असते. ‘पहिली आवृत्ती’ आणि तिचे पुनर्मुद्रण या वेगळ्या गोष्टी आहेत आणि संग्राहकासाठी त्यांतला फरक अनेकदा दुपटीचा असतो. जुन्या पुस्तकांवर वर्ष शालिवाहन शकात छापलेले असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि जानेवारी ते चैत्र प्रतिपदा या काळातले पुस्तक असेल तर ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८५० हे वर्ष १९२८ च्या वसंतात सुरू होऊन १९२९ च्या वसंतात संपते. महिना छापलेला नसेल तर ‘शके १८५०, म्हणजे १९२८-२९’ असे दोन्ही लिहावे. किंमत, छापखाना, प्रकाशकाचा पत्ता हेही नोंदवावे. ‘किंमत बारा आणे’ अशी नोंद असेल तर पुस्तक १९५७ च्या दशमान पद्धतीच्या आधीचे आहे, हे जाणकाराला लगेच कळते.

नियतकालिकांच्या बाबतीत वर्ष, महिना, अंक क्रमांक आणि संपादक यांच्याबरोबर मुखपृष्ठाचा चित्रकार आवर्जून द्यावा. मराठी दिवाळी अंकाची परंपरा काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’च्या १९०९ च्या अंकापासून मोजली जाते, आणि मध्यंतरीच्या काळातल्या अंकांचे मोठे आकर्षण त्यांच्या चित्रांत आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या ‘दीपावली’चे अंक किंवा रघुवीर मुळगांवकरांची मुखपृष्ठे असलेले अंक केवळ चित्रासाठी घेणारे लोक आहेत. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाले; त्याचे सुटे अंक वाचक आजही शोधतात, आणि त्यांना हवे असते ते अनुक्रमणिकेचे पान. म्हणून अंकाच्या लिलावात अनुक्रमणिकेचे स्पष्ट छायाचित्र हवेच. कित्येकदा अंकाच्या नावापेक्षा त्यातल्या एका कथेच्या नावाला बोली चढते.

त्यानंतर प्रतीची अवस्था, आणि येथे काहीही झाकू नये. कसर लागली आहे का, पाने पिवळी पडून ठिसूळ झाली आहेत का, शिवण सुटली आहे का, पाण्याचा डाग कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत आहे, पुठ्ठ्याची बांधणी मूळ आहे की ग्रंथालयाने नंतर केलेली, वेष्टन आहे की नाही, आतल्या ओळींखाली पेनाने रेघा आहेत की पेन्सिलीने, हे सगळे लिहावे. प्रत्येक पान मोजून पाहावे, कारण चित्रांची पाने अनेकदा कोणीतरी कापून घेतलेली असतात आणि त्यांना पृष्ठांक नसल्यामुळे ती गेल्याचे चटकन कळत नाही. लेखकाची स्वाक्षरी असेल तर ‘लेखकाची स्वाक्षरी दिसते’ असे लिहून छायाचित्र द्यावे. तिच्या खरेपणाची खात्री करण्याचे साधन आपल्याकडे नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. भेट म्हणून लिहिलेल्या ओळीत खासगी व्यक्तीचे नाव असते, ते छायाचित्रात झाकावे. ‘दुर्मीळ’ हा शब्द वर्षातून दोन-तीन वेळाच वापरावा, म्हणजे तो वापरला की लोक थांबून पाहतील.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता घ्यावीत. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, शीर्षकपानाची मागची बाजू, आणि जो दोष सर्वांत मोठा आहे त्याचे जवळून चित्र, ही चार आवश्यक आहेत. दोषाचे चित्र पाहून बोली कमी होईल ही भीती अनुभवाने जाते. तेच चित्र पाहून बाकीच्या वर्णनावर विश्वास बसतो आणि बोली टिकते.

लिलावाचे नियम आणि चालवण्याची रीत

नियम पहिल्या दिवशी लेखी द्यावेत आणि दर लिलावाच्या आधी पुन्हा टाकावेत. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ मध्ये लिलावाबद्दलच्या मूलभूत तरतुदी आहेत, आणि छोट्या ऑनलाइन लिलावालाही त्या समजून घेणे हिताचे आहे. विक्री पूर्ण झाल्याची घोषणा होईपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. विक्रेत्याला राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली माल विकणार नाही अशी किंमत, ठेवता येते. पण तसा अधिकार आधी जाहीर केलेला नसेल तर विक्रेत्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदेशीर आहे, आणि किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली लावली असेल तर खरेदीदार तो व्यवहार रद्द करू शकतो. भावाने, जावयाने किंवा मित्राने ‘जरा वर न्यायला’ लावलेली बोली यातच मोडते. घरच्यांनाही हे सांगून ठेवावे.

दर आठवड्याला आठ-दहा नगच लिलावात काढावेत. पन्नास नग एकदम टाकले तर कोणत्याच नगाकडे लक्ष जात नाही आणि आपल्यालाही रात्री बारापर्यंत बसावे लागते. शनिवारी सकाळी यादी द्यावी, म्हणजे विचार करायला, प्रश्न विचारायला वेळ मिळतो. आणि रविवारी रात्री नऊला लिलाव बंद करावा. त्या वेळी लंडनमध्ये दुपारचे साडेतीन-साडेचार आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, त्यामुळे परदेशी असलेले मराठी वाचकही जागेपणी बोली लावू शकतात. त्यांच्यासाठी पार्सल महाराष्ट्रातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पाठवावे आणि पैसेही त्या नातेवाइकाकडूनच यावेत. निर्यातीसाठी लागणारा आयात-निर्यात कोड, जकातीची कागदपत्रे आणि पुस्तकाच्या वयाचा दाखला यांचा व्याप छोट्या विक्रेत्याला परवडत नाही.

सुरुवातीची बोली खालची ठेवावी, आपली खरेदी किंमत व थोडा खर्च भरून निघेल एवढीच. किमान वाढ दोनशे रुपयांपर्यंत दहाची, पाचशेपर्यंत वीसची आणि पुढे पन्नासची अशी असली तर बोली अडखळत नाही. बोली गटातच लावावी, खासगी संदेशातून आलेली बोली स्वीकारू नये. आणखी एक नियम फार उपयोगी आहे: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ त्या बोलीपासून पाच मिनिटे पुढे सरकते. यामुळे ८ वाजून ५९ मिनिटांनी येऊन झडप घालणाऱ्याचा फायदा संपतो आणि ज्याला पुस्तक खरोखर हवे आहे तो शेवटपर्यंत उभा राहू शकतो.

विजेत्याने ४८ तासांत पैसे द्यावेत. न दिल्यास एकदा आठवण करावी आणि मग तो नग दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला त्याच्या बोलीच्या किमतीत देऊ करावा. त्याने नको म्हटले तर पुढच्या लिलावात परत घ्यावा. पैसे न देणाऱ्याची गटात जाहीर निंदा करू नये. दोनदा घडले तर शांतपणे त्याला गटातून काढावे. वर्णनात न सांगितलेला दोष निघाला तर दोन्हीकडच्या टपालखर्चासह पैसे परत करावेत, आणि तेही वाद न घालता.

पैसे घेताना

यूपीआय सोयीचे आहे, पण ज्येष्ठ विक्रेत्यांना लुबाडणारेही त्याच वाटेने येतात. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोणताही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हे वाक्य फोनजवळ लिहून चिकटवावे. खरेदीदार स्वतःला लष्करातला किंवा बाहेरगावी अडकलेला अधिकारी म्हणवून ‘आमच्या पद्धतीने पैसे येतात’ असे सांगू लागला की संभाषण तेथेच थांबवावे. पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर पार्सल पाठवू नये. बँकेच्या खात्यात रक्कम दिसली की मगच पाठवावे. व्यवसायासाठी वेगळे खाते ठेवून त्यात फार रक्कम साठू देऊ नये, आणि निवृत्तिवेतनाचे खाते यूपीआयला जोडूच नये. फसवणूक झालीच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा; पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

बांधणी आणि टपाल

पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पावसाळ्यात दोन पिशव्यांत. मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठा खोक्याचा जाड पुठ्ठा लावून दोरीने बांधावे, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत, आणि त्यावर तपकिरी कागद गुंडाळावा. चिकटपट्टी पुस्तकाला कोठेही लागता कामा नये. फाटलेली पाने विकण्याआधी चिकटपट्टीने जोडू नयेत. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद खाते.

पुस्तकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये असा तिचा दर असून त्यावर कर वेगळा लागतो, आणि पार्सलचा मागही घेता येतो. जमिनीवरून जात असल्याने वेळ लागतो, हे ग्राहकाला आधी सांगावे. नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने या सवलतीत बसत नाहीत, म्हणून दिवाळी अंक पार्सलने किंवा स्पीड पोस्टने पाठवावेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे जुन्या सवयीने ‘रजिस्टर करा’ असे कोणी ग्राहक म्हणाला तर त्याला हे समजावून सांगावे लागते. घरी छोटा वजनकाटा ठेवावा आणि टपालखर्च वर्णनातच लिहावा. आठवड्यातला एकच वार टपालाचा ठेवावा. पोहोच क्रमांक त्याच दिवशी ग्राहकाला पाठवावा.

कर आणि नोंदणी

छापील पुस्तके आणि नियतकालिके यांवर वस्तू व सेवा कर नाही, आणि जो केवळ करमुक्त माल विकतो त्याला त्या कराची नोंदणी करावी लागत नाही. पुस्तकांच्या जोडीला नाणी, तिकिटे, जुनी घड्याळे विकण्याचा मोह होतो, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही लहान असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक होते आणि दरमहा वा तिमाही विवरणपत्रे मागे लागतात. केवळ पुस्तकांवर थांबावे, असे मी आग्रहाने सांगतो ते याचसाठी. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेने २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत व्यवसायाचे खाते उघडताना तिची पावती उपयोगी पडते.

प्राप्तिकराची बाब नीट समजून घ्यावी. स्वतःच्या वाचनासाठी घेतलेली पुस्तके विकली तर ती वैयक्तिक वापराची वस्तू विकल्यासारखे आहे आणि त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. विकण्यासाठी घेतलेली पुस्तके मात्र व्यापारी माल ठरतात आणि त्यांवरचा नफा व्यवसायाचे उत्पन्न होतो. म्हणून दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीनुसार बँकेमार्फत आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोख विक्रीच्या ८ टक्के इतके किमान उत्पन्न दाखवून छोट्या व्यावसायिकाला सविस्तर हिशेबवह्यांपासून सूट मिळते. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवावा. व्यवसायाचे उत्पन्न आले की निवृत्तिवेतनधारकांना सवयीचे असलेले साधे विवरणपत्र चालत नाही. याहूनही महत्त्वाचे म्हणजे, साठ वर्षांवरील ज्या नागरिकाला व्यवसायाचे उत्पन्न नाही त्याला आगाऊ कर भरण्यातून सूट आहे. लिलाव सुरू केला की ही सूट जाते आणि वर्षाचा देय कर, निवृत्तिवेतनातून कापलेला कर वजा जाता, दहा हजार रुपये किंवा अधिक असेल तर अनुमानित पद्धतीत तो १५ मार्चपर्यंत भरावा लागतो. निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज चांगले असणाऱ्यांनी हे आधीच सल्लागाराला विचारून ठेवावे, कारण व्याजाचा भुर्दंड लिलावाचा वर्षभराचा नफा खाऊ शकतो.

किती मिळेल

समजा, महिन्यात चाळीस नग विकले गेले आणि सरासरी किंमत १८० रुपये आली, तर विक्री ७,२०० रुपये होते. खरेदी सरासरी ६० रुपयांची धरली तर २,४०० रुपये, बांधणीचे सामान नगाला १२ रुपये म्हणजे ४८० रुपये, आणि फोन, प्रवास व किरकोळ मिळून ७०० रुपये. हाती ३,६२० रुपये राहतात. यासाठी महिन्याला पन्नास तास गेले तर तासाला सुमारे ७२ रुपये पडले. घरखर्च यावर टाकता येणार नाही, आणि तसा विचार करणाऱ्याने हा व्यवसाय करू नये. पुस्तकांचा खर्च, एखादा प्रवास, नातवंडांसाठी काही, एवढे त्यातून सहज निघते. विक्री दुप्पट करण्याच्या मागे लागले की खोल्या भरतात, मदतनीस लागतो, आणि वर्णनाला मिळणारी वीस मिनिटे पाचवर येतात. मग किंमतही खाली येते.

वहीत प्रत्येक नगासाठी एकच ओळ असावी: क्रमांक, नाव, कोठून व कितीला घेतले, स्वतःचे की हिश्श्याचे, बोलीची अंतिम किंमत, ग्राहक, टपाल क्रमांक, पैसे आल्याची तारीख. हिश्श्याची रक्कम मालकाला महिनाअखेरीस न मागता पाठवावी.

शरीर, घर आणि उरलेली पुस्तके

जुन्या पुस्तकांची धूळ फुप्फुसांना त्रासदायक असते. साफसफाई गॅलरीत, मुखपट्टी बांधून, मऊ कोरड्या ब्रशने करावी. ओले फडके वापरू नये. बाहेरून आलेला गठ्ठा दोन-तीन आठवडे बंद पेटीत वेगळा ठेवून कसर वा वाळवी नाही याची खात्री झाल्यावरच घरच्या कपाटात आणावा. खोके दहा किलोहून जड भरू नये. पुस्तकांसाठी घरातले एक कपाट आणि एक टेबल एवढीच जागा ठरवून ती घरच्यांना सांगावी व पाळावी.

पत्नी, पती किंवा मुलांपैकी एकाला वहीची जागा, व्यवसायाच्या फोनचा पासवर्ड आणि खात्याची माहिती दिलेली असावी. हिश्श्यावर घेतलेल्या पुस्तकांत मालकाच्या नावाची कागदी पट्टी घालून ती वेगळ्या फळीवर ठेवावीत, म्हणजे आपण आजारी पडलो तरी ती ज्याची त्याला परत देता येतात. तीन लिलावांत बोली न आलेली पुस्तके साठवू नयेत. पाच-सहाचा एकत्र गठ्ठा करून एकदा शेवटचा लिलाव करावा, आणि तरीही उरली तर जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला आधी यादी पाठवून, त्यांना हवी असतील तीच नेऊन द्यावीत. बाकीची ज्या रद्दीवाल्याकडून आली त्यालाच परत द्यावीत.